पंचेचाळीस हजारांतला कॉम्प्युटर

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं करून लिहून काढलं आहे.)



मला अध्यक्षांनी विषय दिला होता ‘संस्थेची पंचवीस वर्षांची आर्थिक वाटचाल’. मी म्हटलं, ताळेबंद स्मरणिकेत छापला आहे, ज्याला झोप येत नाही त्याने तो रात्री वाचावा. मी दुसऱ्या विषयावर बोलतो. खाली वाचनालयाच्या खोलीत जो काळा कॉम्प्युटर ठेवला आहे, तो कसा झाला ते सांगतो. ‘घेतला’ म्हणत नाही, ‘झाला’ म्हणतो. कारण तो आपल्या पोरांनी सुटे भाग आणून आपल्या हातांनी जोडला. त्यात संस्थेचे चव्वेचाळीस हजार सातशे रुपये गेले, आणि माझी एक जुनी चूक त्यात अडकलेली आहे. ती पण आज सांगायची आहे.

तरुण मंडळींना माहीत नसेल, मी एकेकाळी कॉम्प्युटरच्या विरोधात घोषणा दिलेल्या आहेत. १९८३ साली बँकांच्या संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात यंत्रांबाबत करार झाला, १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि आम्हा क्लार्क लोकांत एकच हवा पसरली, की हे यंत्र आता आपली भाकरी खाणार. आम्ही काळ्या फिती लावल्या. पुढे काही वर्षांनी शाखेत लेजर पोस्टिंगचं मशीन आलं. त्याच्यासाठी काचेची केबिन, त्याच्यासाठी एसी. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. मे महिन्यात आम्ही बाहेर पंख्याखाली घामाघूम, आणि ते साहेब आत गारव्यात! माझा राग तत्त्वाचा किती आणि त्या एसीचा किती, हे मला आजही सांगता येत नाही. पण सहामाही व्याज हाताने काढणं आणि बॅलन्सिंगसाठी रात्री दहा-दहा वाजेपर्यंत बसणं जेव्हा बंद झालं, तेव्हा घोषणा देणाऱ्यांत सगळ्यांत खूश मीच होतो. असो.

आता आपल्या संस्थेकडे येतो.

२००९ साली संस्थेच्या हिशेबासाठी पहिला कॉम्प्युटर घेतला. खजिनदार मीच. दुकानदाराने दोन भाव दिले. फरक होता साडेसातशे रुपयांचा, आणि तो फरक होता एसएमपीएसचा. एसएमपीएस म्हणजे डब्याच्या मागच्या बाजूला, जिथे आपण वायर खोचतो, तो पत्र्याचा चौकोनी भाग. घरातली वीज घेऊन तो आतल्या भागांना सोसेल अशी करून देतो. मी काय केलं? जे दिसत नाही त्यात पैसे कशाला घालायचे, म्हणून स्वस्तातला घेतला. यूपीएस तर घेतलाच नाही. सभेत मी अभिमानाने सांगितलं होतं, इतके इतके वाचवले. टाळ्या पण पडल्या होत्या, इतिवृत्तात नोंद आहे.

२०१३ च्या जूनमध्ये, मृगाच्या पहिल्या पावसात वीज कडाडली, लाईट गेली, आली, पुन्हा गेली. आपल्याकडे हे काही नवीन नाही. पण त्या येण्या-जाण्यात एसएमपीएस जळाला आणि जाताना मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कला सोबत घेऊन गेला. चौदा महिन्यांचा हिशेब गेला. बँकेतल्या माणसाने दुसरी प्रत ठेवू नये, याला काय म्हणायचं! बरं, कागद वाचवायचा म्हणून पावत्यांची स्थळप्रत ठेवणंही मीच बंद केलं होतं. चेकने भरलेले पैसे पासबुकातून सापडले. रोख भरलेले सापडले नाहीत.

पहिल्या मजल्यावरच्या आपल्या वहिनी आठ महिने रोख भरत होत्या. चारशे रुपये महिना, म्हणजे बत्तीसशे. त्या म्हणाल्या, “भाऊजी, मी भरले आहेत.” मी म्हटलं, “पावती दाखवा.” पावती त्यांना सापडली नाही. भाऊंना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं, घरात काय कुठे ठेवलं हे कुणाला माहीत असणार? मी थकबाकीची नोटीस काढली, सही माझी. त्यांनी काही न बोलता पैसे दुसऱ्यांदा भरले. दोन वर्षांनी मुलीच्या लग्नाच्या वेळी कपाट लावताना साडीच्या खोक्यातल्या कागदाखाली आठही पावत्या निघाल्या. त्या घेऊन त्या माझ्या दारात आल्या. भांडायला नाही. म्हणाल्या, “तुमच्या फायलीला लागतील.”

पैसे संस्थेने परत केले. पण त्या दोन वर्षांत जिन्यात समोरासमोर आलो की मी कोणत्या नजरेने त्यांच्याकडे पाहत होतो, ते मला माहीत आहे आणि त्यांनाही. वहिनी आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. मी घरी जाऊन माफी मागितली होती. पण नोटीस सूचनाफलकावर लागली होती, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागतो. वहिनी, चूक माझी होती.

(वहिनी इथे म्हणाल्या, “पुढचं सांगा भाऊजी, लेकरं कंटाळायलीत.” म्हणून पुढचं सांगतो.)

गेल्या वर्षी ऑगस्टच्या सर्वसाधारण सभेत पोरांनी अर्ज दिला. वाचनालयाच्या खोलीत एक कॉम्प्युटर हवा. सकाळी संस्थेचा हिशेब, दुपारी अभ्यास आणि प्रवेशाचे ऑनलाईन अर्ज, संध्याकाळी गेम. ‘गेम’ शब्द ऐकल्याबरोबर अर्धी सभा उठून उभी राहिली. मी पण. मी म्हटलं, संस्थेच्या पैशाने गोळ्या झाडायच्या का? त्यावर माझाच नातू म्हणाला, “आबा, तुम्ही रोज मोबाईलवर रमी खेळता, ते काय करायलात?” आता यावर काय बोलणार!

शेवटी ठरलं. मर्यादा पंचेचाळीस हजार, एक रुपया वर नाही. देखरेख माझी. मग मी पोरांना बोलावलं आणि कर्जाचं प्रपोजल आणल्यासारखं कागदावर मांडा म्हटलं. त्यांनी जी पहिली यादी आणली ती बहात्तर हजारांची. त्यात रंगीत दिवे लागणारे पंखे होते, काचेची बाजू होती, मोठं ग्राफिक्स कार्ड होतं. आणि सगळ्यांत खाली, सगळ्यांत स्वस्त, कंपनीचं नावही न लिहिलेला एसएमपीएस. म्हणजे २००९ चा मीच पुन्हा समोर बसलो होतो!

मी त्यांना एकच प्रश्न विचारत गेलो. हा भाग आज नाही घेतला, तर पुढे बसवता येईल का? आणि हा भाग हलका घेतला, तर तो बिघडताना एकटा जाईल की दुसऱ्यांनाही घेऊन जाईल? बँकेत कर्ज देताना आम्ही हेच बघायचो. शेतकऱ्याची विहीर आधी, की ट्रॅक्टरवरची छत्री आधी?

ग्राफिक्स कार्ड पुढे बसवता येतं. रॅम पुढे वाढवता येते. डिस्क दुसरी जोडता येते. दिवे तर नाही लावले तरी चालतं. पण एसएमपीएस आणि मदरबोर्ड यांत काटकसर केली की पुढच्या सगळ्या वाटा बंद. म्हणून यादी उलटी करायला लावली. खालून वर.

ग्राफिक्स कार्डावरून मात्र मोठा वाद झाला. पोरांचं म्हणणं, कार्डाशिवाय गेम कसला? एकाने साडेसहा हजारांत जुनं कार्ड शोधून काढलं, आरएक्स ५८०. दिसायला नवंकोरं. मग त्यांनीच चौकशी केली तेव्हा कळलं, ही कार्डं आभासी चलनाच्या खाणकामाला जुंपलेली असायची, रात्रंदिवस, महिनोन्महिने. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये इथेरियमने आपली पद्धत बदलली, त्या कार्डांचं काम संपलं, आणि ती घाऊक बाजारात आली. मी म्हटलं, हे मला सांगू नका, थकीत कर्जातले जप्त ट्रॅक्टर मी लिलावात विकलेले आहेत. वरून रंग मारलेला असतो, इंजिनात जीव नसतो. सगळीच तशी नसतात, पण कोणतं तसं आहे हे ओळखायला आपल्याकडे मेकॅनिक नाही.

मग वाट निघाली ती अशी. एएमडीचा रायझन ५ ५६००जी नावाचा प्रोसेसर आहे. २०२१ सालचा, म्हणजे नवा नाही, म्हणूनच परवडतो. सहा कोअर, बारा थ्रेड. सोप्या भाषेत, सहा कारकून आहेत आणि प्रत्येक जण दोन-दोन खिडक्या सांभाळतो. एकीकडे हिशेबाचा तक्ता, एकीकडे अर्जाची साईट, मागे एखादा व्हिडिओ, तरी अडत नाही. आणि त्याच्या पोटातच ग्राफिक्सची सोय आहे, वेगळं कार्ड लागत नाही. फार भारी गेम त्यावर नीट चालत नाहीत, हे पोरांनी आधीच कबूल केलं. मध्यम गेम चालतात. पुढे पैसे जमले तर कार्डाची जागा मोकळी ठेवली आहे, आणि एसएमपीएस तेवढा भार पेलेल असाच घेतला आहे.

हिशेब सांगतो, कारण पावत्या या वेळी माझ्याकडे आहेत. प्रोसेसर ११,८०० रुपये, पंखा त्याच्यासोबतच येतो. बी ४५० जातीचा मदरबोर्ड ६,६००. रॅम १६ जीबी ३,३००. एनव्हीएमई एसएसडी ५०० जीबी ३,२००. एसएमपीएस ५५० वॅटचा, ‘ब्राँझ’ प्रमाणित, ४,३००. कॅबिनेट ३,०००. बावीस इंची मॉनिटर ७,०००. कीबोर्ड आणि माऊस मिळून ११००. एक केव्हीएचा यूपीएस ४,४००. एकूण ४४,७००. तीनशे रुपये उरले त्याचे पेढे आणले, त्याचीही पावती आहे.

दोन-तीन गोष्टी घरी घेणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो. रॅम एकच सोळाची घेऊ नका, आठ-आठच्या दोन घ्या. पोटातलं ग्राफिक्स असतं तेव्हा ते रॅमचीच जागा वापरतं, आणि दोन कांड्या असल्या की रस्ता दुपदरी होतो. प्रोसेसर खोक्यातला सीलबंद घ्या. बिनखोक्याचा स्वस्त मिळतो, पण वॉरंटीच्या वेळी कुणी ओळख देत नाही. जुन्या जातीच्या मदरबोर्डला हा नंतरचा प्रोसेसर ओळखू यावा लागतो, म्हणून खोक्यावर तसा शिक्का आहे का ते बघूनच आम्ही घेतला. आणि जीएसटीचं पक्कं बिल घ्या. अठरा टक्के आहे, दुखतं, मला माहीत आहे. पण प्रत्येक भागाचा क्रमांक बिलावर असेल तरच तीन वर्षांनी तुमचं कुणी ऐकेल. आम्ही भाव ऑनलाईन बघितले, सिकंदराबादचे फोनवर विचारले, छत्रपती संभाजीनगरचेही. शेवटी परभणीतूनच घेतलं. काही शे रुपये जास्त गेले. पण काही झालं तर गाडी पकडावी लागत नाही, स्टेशन रोडपर्यंत चालत जाता येतं.

कॅबिनेटचंही सांगतो. पोरांना समोरून काच हवी होती. मी म्हटलं, ही परभणी आहे. जगात जर्मनी आणि भारतात परभणी म्हणतो आपण, पण उन्हाळ्यात बेचाळीस-त्रेचाळीसच्या खाली बोलत नाही. खोलीच जिथे तापलेली, तिथे डब्यातली गरम हवा जाणार कुठे? हा प्रोसेसर ९५ अंशांच्या आसपास पोचला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, म्हणजे गेम ऐन वेळी रखडतो. म्हणून समोर जाळी असलेलं कॅबिनेट घेतलं. जाळीतून काळ्या मातीची धूळ येते, ते खरं. त्यासाठी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ब्रश मारायचा, पोरांची पाळी लावली आहे. लाकडी टेबलाच्या बंद कप्प्यात डबा कोंबायचा नाही, फरशीवर ठेवायचा नाही. आणि आधी अर्थिंग तपासून घ्यायचं. आपल्या त्या खोलीतल्या तीन पिनच्या सॉकेटला तिसरी वायरच नव्हती! पंचवीस वर्षं कुणाला माहीत नव्हतं. इलेक्ट्रिशियनचे पैसे मी दुरुस्ती खात्यातून दिले, त्याला सभेची मंजुरी घ्यायची राहिली आहे, तेवढं सचिवांनी बघावं.

जोडायचा दिवस म्हणजे दिवाळीच्या आधीचा रविवार. दुकानदार म्हणाला, पाचशे रुपये द्या, जोडून देतो. मी म्हटलं नको. चार पोरं, आणि आपल्या वॉचमनची मुलगी, बारावीला होती ती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, दारात उभी होती. मी म्हटलं, आत ये. पोरं मोबाईलवर व्हिडिओ बघून जोडत होती. ही मात्र खोक्यातलं पुस्तक घेऊन एका बाजूला बसली आणि वाचत राहिली. कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावून मगच भागांना हात लावा, अंगातली वीज उतरते, हे पहिलं तिनेच सांगितलं.

दोन तासांनी बटण दाबलं. पंखे फिरले, दिवा लागला, पडदा काळाच. पाच मिनिटं, दहा मिनिटं. माझ्या पोटात गोळा. चव्वेचाळीस हजार सातशे! माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा सभा, पुन्हा इतिवृत्त. पोरं एकमेकांवर ढकलायला लागली. मग ती मुलगी म्हणाली, “आबा, चित्रात वरच्या कोपऱ्यात अजून एक वायर आहे, आपल्यात ती नाही.” प्रोसेसरला वीज देणारी वेगळी आठ पिनची वायर कॅबिनेटच्या मागे तशीच लोंबत होती. ती खोचली आणि पडदा उजळला. नंतर तिनेच दाखवलं की रॅमच्या कांड्या पोरांनी शेजारी-शेजारी खोचल्या आहेत, पुस्तकात दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत सांगितल्या आहेत. खाच बदलल्यावर गेम उघडून बघितला, तर मलासुद्धा फरक कळला, इतका तो सुरळीत चालायला लागला.

तीन भानगडी राहिल्या, त्या सांगतो. पहिली विंडोजची. दुकानदार म्हणाला, टाकून देतो, पैसे नकोत. म्हणजे चोरीचं. संस्थेच्या मशीनवर, जिथे लेखापरीक्षक येऊन बसणार, तिथे चोरीचा माल मी बसू देणार नाही म्हटलं. विकत घ्यायला पैसे उरले नव्हते. म्हणून लिनक्स मिंट टाकलं, ते मोफत आहे आणि रीतसर आहे. हिशेब लिब्रे ऑफिसवर छान चालतो. काउंटर स्ट्राईक चालतो, माईनक्राफ्ट चालतो. व्हॅलोरंट चालत नाही, आणि त्यावरून माझा नातू अजून माझ्याशी पूर्ण बोलत नाही. विंडोजसाठी वर्गणी काढायची असेल तर काढा, बिल रीतसर आलं पाहिजे एवढीच माझी अट आहे. या निमित्ताने सांगतो, ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा आधार बंद झाल्यापासून बरेच जण मला विचारतात, घरातला जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायचा का? लगेच देऊ नका. त्यात एसएसडी बसवा, लिनक्स टाकून बघा. पत्रव्यवहार आणि व्हिडिओ बघण्यापुरता तो अजून चालेल.

दुसरी लाईट बिलाची तक्रार. तिसऱ्या मजल्यावरून लेखी आली आहे. मॉनिटरसकट सव्वाशे वॅट धरा, रोज चार तास, म्हणजे अर्धं युनिट. महिन्याला पंधरा. जिन्यातला दिवा दिवसा चालू राहतो, त्याचा हिशेब कुणी मागत नाही.

तिसरी, हा आत्ता चौपट भारी कॉम्प्युटर का घेतला नाही म्हणणाऱ्यांची. त्यांना एवढंच सांगतो, रॅम आम्ही ३,३०० ला घेतली. २०२५ च्या शेवटाला तीच विचारली तर दुप्पटीहून जास्त सांगत होते. जगभर कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मोठमोठी केंद्रं उभी राहत आहेत आणि मेमरी तिकडे चालली आहे, असं कारण सांगतात. तेव्हा वाढवायची घाई करू नका, भाव उतरू द्या.

आता व्यवस्था. सकाळी सात ते नऊ संस्थेचं काम. दुपारी अभ्यास आणि अर्ज, त्यात ज्याचा अर्ज असेल त्याला आधी. वॉचमनच्या मुलीने तिचा सीईटीचा अर्ज आणि नंतर प्रवेशाच्या फेऱ्यांचे पर्याय इथेच भरले. ती आता कॉलेजला आहे, आणि सुटीत आली की कॉम्प्युटरची किल्ली तिच्याकडे असते. कुणाची हरकत असेल तर सभेत मांडावी, मी तिथे असेन. संध्याकाळी सहा ते साडेआठ गेम, प्रत्येकाला अर्धा तास, वहीत नाव लिहून. दहावी-बारावीवाल्यांना जानेवारीपासून बंदी, ही त्यांच्याच आयांची मागणी आहे, माझ्यावर रागावू नका.

आणि दर शनिवारी रात्री हिशेबाची प्रत दोन पेनड्राईव्हवर. एक माझ्या कपाटात. दुसरा कुणाकडे ठेवायचा असा प्रश्न आला, तेव्हा मी पहिल्या मजल्यावर गेलो. वहिनींनी तो घेतला आणि विचारलं, “याची पावती देता का?”

दिली. स्थळप्रत माझ्याकडे आहे.